जॅझला भेटायला राग गेला, हलगी कुठं होती?

ज्यांना जॅझवर बोलायची हौस आहे त्यांनी आधी खोक्यावर बोलावं. साध्या लाकडी खोक्यावर. कॉड माशाचं, मेणबत्त्यांचं, बंदरात उतरलेलं, माल काढून झाल्यावर फेकून दिलेलं खोकं. एकोणिसाव्या शतकात क्यूबा बेटावर, हवाना आणि मातान्सास या दोन बंदरांत काळ्या हमालांनी ते खोकं उलटं घातलं, त्यावर बूड टेकलं आणि हातानं बडवायला घेतलं. कॉडच्या मोठ्या खोक्याचा आवाज खाली घुमणारा, मेणबत्तीच्या लहान खोक्याचा वर टणकणारा. त्यातून रुंबा निघाली. हवानाच्या गोदीत जहाजाच्या फळ्या जोडायला कठीण लाकडाच्या खुंट्या वापरत. दोन खुंट्या एकमेकींवर आपटल्या की खण्णकन आवाज येतो. त्या खुंट्यांचं वाद्य झालं, त्याचं नाव क्लावे. फर्नांडो ऑर्टिझ नावाच्या क्यूबन पंडितानं हे सगळं लिहून ठेवलंय. दोन मात्राखंडांत पाच ठोके, एकात तीन, दुसऱ्यात दोन. या पाच ठोक्यांवर सगळं क्यूबन संगीत उभं आहे, आणि नंतर अर्ध्या जगाचा नाच.

मी मॅट्रिक आहे, कविता करतो, आणि न्हावा-शेव्याच्या बंदरात ठेकेदाराकडं लॅशिंगला जातो. जहाजावर कंटेनरची थप्पी लागते, तिला लोखंडी दांडे लावून, टर्नबकल पिळून आवळायचं. जहाज लागलं की तेच सोडवायचं. राहतो शीळफाट्याला. बंदरातून सुटलेला ट्रेलर भिवंडीच्या गोदामाकडं निघाला की कळंबोली, तळोजा करत आमच्याच दारात येऊन तास तास अडकतो. म्हंजे पाळीभर जो माल आवळला तोच घरी आल्यावर हॉर्न वाजवत झोपू देत नाही. खोकं ही वस्तू मला कळते. आता लाकडी खोकी फार येत नाहीत, पॅलेट येतात, कीड मारल्याचा शिक्का असलेले. पण रिकाम्या चाळीस फुटी कंटेनरवर बुक्की मारून बघा. पोटात घुमतं. म्हणून जॅझ मुंबईत ताजमहाल हॉटेलच्या जिन्यानं उतरला आणि तिथून पुढं भारतीय संगीताशी त्याची ‘भेट’ झाली, असं कुठल्याही हॉलात कोणी सांगायला लागलं की माझं टाळकं सटकतं. कोणाची भेट? कोणाशी? कोणाला आत घेतलं नि कोणाला फाटकाबाहेर ठेवलं?

आधी तिकडची गोष्ट नीट सांगतो, कारण आपल्याकडं ती अर्धीच सांगतात.

अमेरिकेत काळ्या गुलामांकडनं ढोल काढून घेतला होता. 1739 साली साऊथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला, ढोल वाजवत माणसं जमवली. मालकांना कळलं की हे चामडं बोलतं. 1740 च्या कायद्यानं गुलामाला ढोल वाजवायला बंदी. न्यू ऑर्लिन्सच्या काँगो स्क्वेअरसारख्या एखाद्या जागेत रविवारपुरती मोकळीक, बाकी सगळीकडं हात बांधलेले. मग अमेरिकेतल्या काळ्यानं टाळ्या वाजवल्या, पाय आपटले, गळा फाडला, पुढं मालकांच्या लष्करी बँडची टाकलेली शिंगं उचलली. ढोल मात्र गेला.

क्यूबात तसं झालं नाही. मालक तिथले दयाळू होते म्हणून नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. तिथं उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडत होती. कायद्यानं बंद झाल्यावरही 1860 नंतरच्या वर्षांपर्यंत आफ्रिकेतून जहाजं भरून माणसं येत राहिली, आणि गुलामी संपली ती थेट 1886 ला. नव्या माणसांबरोबर ताजे देव आले, ताजे ढोल आले. चर्चच्या आडोशानं गुलामांची मंडळं चालायची, तिथं संताच्या मूर्तीमागं आफ्रिकेचा देव नि त्याचा ढोल लपवलेला. 1836 साली हवानाच्या बंदरापलीकडं रेग्ला गावात अबाक्वा नावाची काळ्या पुरुषांची गुप्त मंडळी सुरू झाली. गोदीत कामाला कोण लागणार यावर पुढं याच मंडळीची पकड बसली. गोदीवाल्यांनो, हे वाचून हसू आलं ना? मुंबईच्या गोदीत टोळीवाला होता. तो नेमेल तोच कामाला. 1948 च्या गोदी कामगार कायद्यानं त्याची मुंडी धरली. आता त्याच खुर्चीत ठेकेदार बसलाय, गेटपास खिशात घेऊन. फरक एवढाच की अबाक्वा आपल्या माणसाला काम द्यायची, त्याच्या मयताला जायची आणि ढोल वाजवायची. माझा ठेकेदार नुसती हजेरी कापतो.

दोन बेवारशी भावांसारखी ही दोन संगीतं. एकाकडं शिंग आहे, ढोल नाही. दुसऱ्याकडं ढोल आहे. मधे समुद्र. पण न्यू ऑर्लिन्स आणि हवाना यांच्यात बोटी सतत चालू, आणि बोटीवर माल चढवणारा, बोटीवर वाजवणारा माणूस एकाच रंगाचा. ये-जा होणारच. डब्ल्यू. सी. हँडी, ज्याला ब्लूजचा बाप म्हणतात, तो 1900 साली एका नाटक-तमाशाच्या कंपनीबरोबर क्यूबात जाऊन आला. कंपनीचं नाव ऐका: महाराज् मिन्स्ट्रेल्स. मालकाचं आडनाव महारा, गोरा माणूस, आपला कोणी नव्हे. पण हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लोकलमध्ये एकटाच हसलो. महारांची तमाशा कंपनी हवानाला! तर त्या हँडीनं 1914 साली ‘सेंट लुई ब्लूज’ छापलं आणि त्याच्या मधल्या भागात हवानाची झुलती चाल घातली. ज्याला जग अस्सल अमेरिकन काळं गाणं म्हणतं त्याच्या पोटात क्यूबा आहे.

1930 साली डॉन आस्पियासूचा हवानातला बँड न्यूयॉर्कात आला नि शेंगदाणे विकणाऱ्याच्या आरोळीवर बांधलेलं गाणं घेऊन आला. ‘एल मानिसेरो’. रेकॉर्ड तुफान खपली. त्याच वर्षी लुई आर्मस्ट्राँगनं स्वतःच्या ढंगात ते रेकॉर्ड केलं. गंमत अशी की गाणं होतं ‘सोन’ प्रकारचं आणि कंपनीनं रेकॉर्डवर छापलं रुंबा. झालं! खोक्यावर बसून वाजवणाऱ्या हमालाची रुंबा बाजूला राहिली, आणि कोट-टाय घातलेल्या साहेब-मॅडमनं हॉटेलात कंबर हलवायची ती रुंबा ठरली. हीच हॉटेलातली रुंबा पुढं मुंबईला आली. नावसुद्धा चोरीला जातं, दोस्तांनो. वस्तू तर जातेच.

नावाचं सांगतो. मारिओ बाउसा हा हवानाचा काळा माणूस, शिकलेला वादक, तिथल्या फिलहार्मोनिकमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. 1930 साली न्यूयॉर्कला गेला, ट्रम्पेट वाजवू लागला, काळ्या अमेरिकनांच्या नावाजलेल्या बँडांतून राहिला. कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये डिझी गिलेस्पी नावाच्या पोराला आत घ्यायला यानंच खटपट केली. मग मेहुणा माचितो याच्याबरोबर 1940 साली स्वतःचा बँड. त्या काळात क्यूबन वादक अमेरिकेत स्वतःला स्पॅनिश म्हणवून घ्यायचे, लॅटिन म्हणवून घ्यायचे, काहीही, पण काळा म्हणवून घ्यायचे नाहीत. कारण उघड आहे. या दोघांनी बँडचं नाव ठेवलं ‘आफ्रो-क्यूबन्स’. आफ्रो! जी शिवी होती ती पाटीवर लावली. 1972 साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीनं ‘दलित’ या शब्दाच्या पुढं ‘पँथर’ लावलं, तेव्हाही पांढरपेशे म्हणालेच की नाव जरा सौम्य ठेवता आलं असतं. नाव सौम्य ठेवलं असतं तर आज तुम्हाला आठवलं असतं का? या आफ्रो-क्यूबन्सनी 1943 साली ‘टांगा’ नावाची रचना बांधली. खाली क्लावेचे पाच ठोके, वर जॅझची शिंगं. तिथून क्यूबन जॅझ म्हणतात ते सुरू झालं.

आणि मग चानो पोसो. 1915 चा जन्म. हवानाच्या गरीब काळ्या वस्तीतला, अबाक्वाचा सभासद, बूटपॉलिशपासून पडेल ते काम केलेला, कोंगा बडवणारा. कागदावरचं संगीत वाचता येत नव्हतं. बाउसानं त्याची गाठ गिलेस्पीशी घालून दिली. याला इंग्रजी येत नाही, त्याला स्पॅनिश येत नाही. 29 सप्टेंबर 1947 ला कार्नेगी हॉलमध्ये, जिथं गोऱ्यांची सिंफनी वाजते तिथं, हा उघड्या हातानं चामडं बडवत बसला. त्याच डिसेंबरात दोघांनी ‘मांतेका’ रेकॉर्ड केलं. पोसोनं खालचे ठेके तोंडानं सांगितले, हे शिंग असं, ते शिंग तसं, एकावर एक चढवत. गिलेस्पीला वाटलं, हे असंच गोल फिरत राहील, म्हणून मधला सोळा मात्राखंडांचा तुकडा त्यानं जोडला. तो तुकडा अमेरिकन, भोवतीचा सगळा डोंगर क्यूबन. आणि रेकॉर्डवर रचनाकार म्हणून पोसोचं नाव आहे. कागदावरचं संगीत वाचता न येणाऱ्या ढोलवाल्याचं नाव, रचनाकाराच्या रकान्यात. वर्षभरात, 2 डिसेंबर 1948 ला, हार्लेममधल्या बारमध्ये गोळी घालून त्याला मारलं. तेहतीस वर्षांचा होता. पण दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या काळ्याच्या हातून काढलेला ढोल त्या एका वर्षात परत त्याच्या मांडीवर आला, आणि मग कोणाच्या बापाला काढता आला नाही.

आता या मुंबईला.

1935 च्या अखेरीस लिऑन ॲबी नावाचा काळा अमेरिकन आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड. वेदरफर्ड 1945 साली कलकत्त्यात कॉलऱ्यानं मेला. आपल्या देशात त्यांना शिकागोपेक्षा मान मिळाला म्हणतात. मिळाला असेल. नाचणारे वरच्या मजल्यावर, वाजवणारे नोकर, हा हिशोब तोच होता. यांच्याकडनं शिकले ते गोव्याचे ख्रिस्ती वादक. पोर्तुगीजांच्या पाद्र्यांनी गावोगावच्या चर्चशाळांत पोरांना स्वरलिपी नि व्हायोलिन शिकवलेलं, चर्चमध्ये वाजवायला. गोव्यात पोट भरेना म्हणून पोरं मुंबईला, धोबीतलावच्या कुडात एका खोलीत वीस वीस. त्यातला आल्दोनाचा अंतोनियो झेवियर वाझ, चिक चॉकलेट या नावानं ट्रम्पेट वाजवणारा. दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत, रात्री हॉटेलात.

आणि इथं क्यूबा आपल्याला भेटतो. सी. रामचंद्र म्हंजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा रामचंद्र चितळकर. चिक चॉकलेट त्याच्याबरोबर काम करायचा. 1950 च्या ‘समाधी’तलं ‘गोरे गोरे’ एका लॅटिन ढंगाच्या अमेरिकन गाण्यावरून उचललेलं. 1951 च्या ‘अलबेला’त ‘शोला जो भडके’, त्यात बोंगो, ओबो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन. कावस लॉर्ड हा पारशी ढोलवाला ही लॅटिन वाद्यं सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये घेऊन आला. त्या ‘अलबेला’चा नट नि दिग्दर्शक भगवानदादा पालव, गिरणी कामगाराचा पोरगा, स्वतः मजुरी केलेला. म्हंजे बघा: हवानाच्या गोदीतला ठेका न्यूयॉर्कला गेला, तिथनं रेकॉर्डवर चढून जहाजानं मुंबईच्या बंदरात उतरला, गोव्याच्या उपाशी पोरानं तो वाजवला, पारशानं बोंगो बडवला, गिरणगावच्या पोरानं त्यावर नाच केला आणि लालबागपासून कल्याणपर्यंतचा कामगार पडद्यावर पैसे फेकत सुटला. ही खरी भेट! खालची माणसं खालच्या माणसांना भेटली, एकमेकांना कधी न बघता. याच्यावर कुठं परिसंवाद नाही होत. याला ते उचलेगिरी म्हणतात.

ज्यांनी हे केलं त्यांचं काय झालं तेही ऐका. गोव्याच्या वादकांनी सिनेमाचं अख्खं संगीत कागदावर उतरवलं. संगीतकार चाल गुणगुणायचा, बाकी चाळीस व्हायोलिनांनी काय करायचं हे सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस यांनी लिहायचं. रेकॉर्डवर नाव? छे. अँथनी गोन्साल्विस हा प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांचा गुरू. त्याचं नाव देशाला माहीत झालं ते 1977 साली, अंड्यातून बाहेर येणाऱ्या नटाच्या तोंडून, विनोदी गाण्यात. ते गाणं शिष्यानं गुरूला केलेला सलाम होता, त्या भावनेला माझा सलाम. पण नावाची भूक अशी भागते का? पोसोचं नाव रकान्यात आहे. गोन्साल्विसचं गाण्याच्या ओळीत.

आता वरची भेट बघा. अमेरिकन सरकारनं जॅझवाल्यांना जगभर फिरवायला काढलं. 1956 ला गिलेस्पीपासून सुरुवात. 1957 ला लिटल रॉकमध्ये नऊ काळ्या पोरांना शाळेत जायला लष्कर आणावं लागलं, आणि 1958 ला तेच सरकार ब्रूबेकला भारतात पाठवून सांगतंय, बघा आमच्याकडं किती स्वातंत्र्य. 1963 ला ड्यूक एलिंग्टन मुंबईत. इथल्या उच्चभ्रूंनी हार घातले. आणि त्यांच्यासमोर काय मांडलं? सतार. तबला. राग. 1968 ला शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ नावाची रेकॉर्ड निघाली, सतारीवर रईस खान. 1978 पासून निरंजन झवेरींची जॅझ यात्रा, धोबीतलावला रंगभवनात. सॉनी रोलिन्ससारखा माणूस आला. चांगलं झालं, आलाच पाहिजे होता. पण जॅझला भेटायला दरवेळी रागच का जातो? गुलामाच्या संगीताला भेटायला या देशानं घराण्यांचं संगीत पाठवलं. गावकुसाबाहेरचं का नाही पाठवलं? शास्त्रीय पंडितांच्या हुशारीवर माझा राग नाही. त्यांना पाठवणाऱ्यांवर आहे.

का, ते मी सांगतो. चामडं आणि थुंकी. मेलेल्या जनावराचं चामडं शिवणं विटाळ, तोंडात धरून फुंकायच्या वाद्याला थुंकी लागते तोही विटाळ. म्हणून हलगी, डफ, सनई, शिंग, सगळं महार, मांग, घडशी यांच्या गळ्यात. लग्नातला ब्रास बँड आजही बघा कुठल्या वस्तीतून येतो. तार मात्र पवित्र. हे फक्त संगीतात नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आमची थुंकी लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालायचा नाही. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कम्युनिस्टांच्या तोंडावर मारला. तोच धोटा पुढं संगीतात आला. जॅझ म्हंजे तर काळ्याची थुंकी ट्रम्पेटमधून उडालेली. ती यांना चालली, कारण ती परदेशी थुंकी होती.

इथपर्यंत आपली पोरं टाळ्या वाजवतील. आता टाळ्या थांबवा, पुढचं तुमच्यासाठी आहे.

आपल्यातली पोरं बॉब मार्ले ऐकतात, रॅप ऐकतात, कवितेत ‘काळ्या भावा’ लिहितात. आणि दारात हलगी वाजली की नाक मुरडतात. एका मित्रानं मला सरळ सांगितलं, हलगी म्हंजे गुलामी, बाबासाहेबांनी सोडायला सांगितली, आणि आता ते मांगाचं काम आहे. या वाक्याचे दोन तुकडे करतो. दुसरा तुकडा मनूचा आहे. मांगाचं काम! ज्या अण्णाभाऊंच्या डफावर मुंबईचा कामगार उभा राहिला त्या अण्णाभाऊंचा समाज तो. 1956 ला आपण उठून बाहेर पडलो नि हलगी त्यांच्या गळ्यात राहिली, म्हणून आता आपण त्यांच्याकडं वरून बघायचं? हा उतरंडीवरचा गाडगा आपल्या डोक्यात कोणी ठेवला?

पहिला तुकडा मात्र खरा आहे, त्याला उत्तर द्यायला लागेल. माझा आजा महाडच्या वरच्या अंगाला एका गावात खालू वाजवायचा. शिमग्याला पालखीपुढं, पाटलाच्या लग्नात मांडवाबाहेर, पावसात असेल तर पावसात. मोबदला म्हंजे उरलेलं अन्न नि वर्षाची मूठभर पेंढी. बाजा नाकारला तर गाव बंद. 1927 ला महाडात बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेलं ओढू नका, लाचारीची कामं टाका. 1928 ला त्यांनी वतनाविरुद्ध बिल आणलं, कनिष्ठ वतनं कायद्यानं गेली ती 1958 ला. आज्यानं धर्मांतरानंतर बाजा खुंटीला लावला, तो परत काढला नाही. गावानं मारलं, तरी नाही. त्याचं बरोबर होतं. शंभर टक्के.

क्यूबाशी आपलं गणित इथं जुळत नाही, आणि ते न जुळणं लपवून काळा-काळा करत बसणारे कवी खोटं लिहितात. क्यूबातल्या मालकाला गुलामाचा ढोल नको होता. त्याला भीती वाटायची. म्हणून तो ढोल गुलामाचा राहिला, रात्रीचा, चोरून वाजवायचा, आपल्या देवाचा. आपल्याकडं उलटं. मालकालाच ढोल हवा होता. त्याच्या देवापुढं, त्याच्या लग्नात, त्याच्या मढ्यापुढं. ढोल आपला, हुकूम त्याचा. त्यामुळं तिकडं ढोल वाजवणं म्हंजे बंड झालं, आणि इकडं ढोल टाकणं म्हंजे बंड झालं. हा फरक ज्याला कळत नाही त्यानं लोककला महोत्सव भरवावेत. तिथं आपल्या माणसाला फेटा बांधून, धोतर नेसवून हलगी वाजवायला उभं करतात नि वर म्हणतात, मातीचा सुगंध. मातीचा सुगंध ज्यांनी माती उपसलेली नाही त्यांनाच येतो.

पण आज्यानं काय टाकलं? त्यानं हुकूम टाकला. चामड्यानं काय गुन्हा केला होता? त्याच काळात आपल्याच माणसांनी दुसरं केलं, ते विसरू नका. भीमराव कर्डक आणि त्यांच्या जोडीदारांनी 1930 नंतर जलसे उभे केले. तमाशातली ढोलकी घेतली, तुणतुणं घेतलं, आणि गणपतीचा गण नि गवळण उचलून बाहेर फेकली. त्याजागी बाबासाहेब आणले. मालकाचा हुकूम काढून टाकला, वाद्य ठेवलं. क्यूबातल्या हमालानं खोक्यातला मासा काढून टाकला नि खोकं ठेवलं तसंच हे. वामन कर्डक, विठ्ठल उमप, विलास घोगरे ही सगळी त्याच खोक्यावर बसलेली माणसं. घोगरेंनी 1997 ला रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर स्वतःचा जीव दिला. त्यांच्यावर जॅझ यात्रेत कोणी दोन मिनिटं उभं राहिलं नाही. अपेक्षाही नव्हती म्हणा.

इथं आपले लाल मित्र खांद्यावर हात ठेवतात. म्हणतात, क्यूबात 1959 ला क्रांती झाली नि प्रश्न मिटला. खरंच काही मिटलं. हवानाच्या ज्या हॉटेल नॅशनलनं नॅट किंग कोलला 1956 साली रंगामुळं खोली दिली नव्हती, त्याची दारं उघडली. काळ्या पोरांना शाळा मिळाली, संगीतशाळा मिळाली, हे मी कोणाला नाकारू देणार नाही. पण 1962 पर्यंत सरकार सांगू लागलं की वंशभेद संपला. संपला म्हटल्यावर बोलायचं कशाला? अबाक्वाकडं संशयानं बघायला लागले, काळ्यांची जुनी मंडळं गेली, जॅझ म्हंजे साम्राज्यवाद्यांचं संगीत ठरला. अमेरिकेनं तिकडनं नाकेबंदी घातली, बोटी बंद. जे दोनशे वर्षं कोणाला तोडता आलं नव्हतं ते दोन सरकारांनी मिळून तोडलं. तरी 1973 ला चुचो वाल्देसनं ‘इराकेरे’ उभा केलाच, आफ्रिकी देवांचे बाता ढोल थेट इलेक्ट्रिक गिटारशेजारी मांडून. 1977 ला न्यू ऑर्लिन्सहून एक बोट हवानाला लागली, तिच्यावर म्हातारा होत चाललेला गिलेस्पी. बघितलं तर त्याची ट्रम्पेट तोंडपाठ असलेला सांदोव्हाल नावाचा पोरगा धक्क्यावर उभा. पुढं तो सांदोव्हाल 1990 ला क्यूबा सोडून गेला, हेही खरं. वर्ग संपला की जात आपोआप संपेल असं सांगणाऱ्या कॉम्रेडला मी एवढंच म्हणतो, आधी ढोलवाल्याला विचार.

आणि 1996 ला हवानात बाहेरचे लोक रेकॉर्डिंगला आले तेव्हा इब्राहिम फेरेर हा गायक बूटपॉलिश करून पोट भरत होता. मग ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ निघाला नि जगाला शोध लागला. शोध!

आपल्याकडं बघू. शीळफाट्याला 14 एप्रिलच्या आधी महिनाभर भीमगीतांच्या पार्टीची तालीम चालते. ऑक्टापॅड असतो. त्यावर बटण दाबलं की कोंगा, दुसरं दाबलं की बोंगो. वाजवणारं पोरगं दिवसा महाप्याला कंपनीत हेल्पर. त्याला मी सांगितलं, हे बटण म्हंजे हवानाच्या गोदीतला माणूस. त्यानं विचारलं, आणि हलगीचं बटण कुठाय? मला तोंडात मारल्यासारखं झालं. शेजारी बेंजो पार्टी. तो बेंजो तरी कुठला? जपानचं ताइशोगोतो, 1912 साली नागोयात एकानं बनवलं, समुद्र ओलांडून आलं, इथं बुलबुलतरंग झालं, मग बेंजो झालं, आणि आता ताशाबरोबर कल्याण-मुंब्र्याच्या रस्त्यावर कोळीगीतापासून भीमगीतापर्यंत काहीही वाजवतं. ही आपली जॅझ आहे. कोणाच्या परवानगीनं झालेली नाही. 2018 च्या जानेवारीत चेन्नईत कास्टलेस कलेक्टिव्ह नावाचा बँड पहिल्यांदा लोकांपुढं उभा राहिला, परई म्हंजे तिकडची हलगीच, तिच्याशेजारी गिटार नि रॅप. सूट घालून वाजवली. महाराष्ट्राला कोणी अडवलंय?

2016 ला ‘सैराट’ची सिंफनी लॉस एंजेलिसला रेकॉर्ड झाली, याच्या बातम्या सगळ्यांनी छापल्या. ‘झिंगाट’वर तुम्ही नाचलात, मी नाचलो. त्यात चामड्यावर पडलेले हात कोणाचे, पाच नावं सांगा. एक सांगा.

म्हणून येत्या जयंतीच्या मंडळांना माझं मागणं आहे, आणि ते मी आमच्या मंडळाच्या बैठकीत मांडलंय, तिथं भांडण अजून चालू आहे. बॅनरवर नगरसेवकाचा फोटो असतो, त्याच्या पोराचा असतो, त्याच्या भाच्याचा असतो. त्या बॅनरवर हलगीवाल्याचं, ताशावाल्याचं, बेंजोवाल्याचं पूर्ण नाव छापा, गावासकट. डीजेच्या गाडीला जे भाडं देता ते समोर ठेवून वादकांची बिदागी आधी ठरवा, कागदावर, ॲडव्हान्ससकट. मिरवणुकीत त्यांना ट्रकमागं चालवू नका, पुढं ठेवा, आणि पाणी-जेवण त्यांना आधी द्या. मातंग वस्तीतल्या पार्टीला बोलवा, आणि बोलवताना ‘वाजवायला या’ म्हणू नका, ‘बैठकीला या’ म्हणा. रेकॉर्डिंग केलंत तर चाल कोणी बांधली, ठेका कोणी बांधला, दोन्ही रकान्यांत लिहा. आमच्या बैठकीत एकानं विचारलं, हलगीवाला काय संगीतकार आहे का रकान्यात लिहायला? पुढची बैठक रविवारी आहे, रात्री नऊला, बुद्धविहारात. मी दुसऱ्या पाळीला नाही. येतोय.